चाकाला बाईचा हात

माझ्यावर कुणाचा विश्वास बसत नाही. आजवर बसलेला नाही. ही भांडी मी माझ्या हातानं केली आहेत, एवढं साधं वाक्य आहे. पण ते लोकांना पटवण्यात माझे केस पिकले.

जन्म कुंभाराच्या घरात, दिली कुंभाराच्याच घरात, शिक्षण चौथी पास. आणि आता कसबा पेठेत मातीकामाचा क्लास घेते. हे सांगितलं की पेठेतली माणसं म्हणतात, "बाई आणि चाकावर? काहीतरीच." कर्वेनगरची माणसं म्हणतात, "चौथी पास आणि टीचर? काहीतरीच." दोन्हीकडून काहीतरीच, आणि मधे मी.

या धंद्यात किस्से फार साठतात. त्याचं असं आहे, कच्चं भांडं मोडलं तर भिजत घालायचं, परत माती तयार. पण भाजलेलं फुटलं की त्याचं काही होत नाही. खापऱ्या नुसत्या कोपऱ्यात साठत जातात. किस्सेही भाजलेले असतात. कुणी चहाला बसलं की त्यातला एकेक उचलून दाखवायचा, एवढाच त्यांचा उपयोग. तर बसा.

*

कर्वेनगरला एका हॉलमध्ये प्रदर्शन होतं. मी माझं टेबल मांडून बसले होते. एक बाई आल्या, निळा जग उचलला, उलटा केला, सुलटा केला, उजेडात धरला.

"सुंदर आहे हो. कुणी केलाय?"

"मी."

"नाही, तुम्ही विकताय ते कळलं. केलाय कुणी?"

म्हटलं, अहो, मीच केलाय. त्या हसल्या. लहान मूल 'मी विमान चालवतो' म्हणालं की आपण हसतो ना, तसं. मग म्हणाल्या, म्हणजे रंग तुम्ही दिला असेल. म्हटलं, रंगही मी दिला, माती मी मळली, चाकावर मी ओढला, भट्टी मी लावली. त्यांनी जग हळूच खाली ठेवला. फसवणूक चालली आहे असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

मला आला राग. म्हटलं, "आमच्या मिस्टरांनी केलाय."

"तरीच!" त्या म्हणाल्या आणि जग घेऊन गेल्या. वर मिस्टरांचं कौतुकही करून गेल्या.

आमचे मिस्टर, दत्ता, स्वारगेटला गॅरेजमध्ये मेकॅनिक आहेत. त्यांचे वडील गेल्यापासून त्यांनी मातीला हात लावलेला नाही. रात्रीच्या जेवणाला त्यांना हा प्रकार सांगितला. त्यांनी शांतपणे घास संपवला, पाणी प्यायले आणि विचारलं, "रंग बरा दिला होता का मी?"

*

आता मुळात मी चाकावर बसले कशी, ते सांगते.

आमच्या घरांत बाई काय करत नाही ते विचारा. माती चाळायची बाईनं, भिजवायची बाईनं, तुडवायची बाईनं, पणत्या वाळत घालायच्या, सुगडं रंगवायची, पाटीत भरून डोक्यावर घ्यायची, मंडईच्या रस्त्याला बसून विकायची बाईनं. चाक तेवढं सोडून. चाक म्हणजे देव. बाईचा हात लागला की भट्टी फुटते, असं आमच्यात मानतात. भट्टी पावसानं फुटते, माल ओला राहिला तर फुटते, घाईनं जाळ लावला तर फुटते. नाव मात्र बाईचं.

कर्वेनगरला विशाखाताईंचा स्टुडिओ होता. बंगल्याच्या खालच्या मजल्यावर विजेवरची चाकं, विजेचीच भट्टी, शिकायला येणारी मंडळी. तिथे मी माती मळायला जायचे. ताई तोंडानं फटकळ. माझं आणि त्यांचं पहिल्या दिवसापासून जमलं.

एकदा शिकणारं कुणी आलं नव्हतं. ताईंनी रिकाम्या चाकाकडे बोट केलं. "बस."

म्हटलं, "ताई, बायका चाकावर बसत नाहीत."

ताई चाकावरच बसल्या होत्या. कोपरापर्यंत मातीत. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "मग मी कोण आहे?"

बसले.

मनात मात्र गुर्मी होती. म्हटलं, जन्मभर बघत आले, बापाचं बघितलं, सासऱ्यांचं बघितलं, यात काय आहे? बटण दाबलं. गोळा चाकावरून सुटला तो थेट ताईंच्या काचेच्या कपाटावर जाऊन बसला. चिकटला तिथेच. ताईंनी कपाटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "दुसरा घे."

बघून चाक येत असतं तर आमच्या गल्लीतल्या मांजरांनी माठ केले असते.

*

आमच्यात बातमी लपत नाही. भिंतीला भिंत लागून घरं, या घरातली फोडणी त्या घरात शिंकते. मी चाकावर बसते हे नानांच्या कानावर गेलं.

नाना म्हणजे माझे चुलत सासरे. घराण्यात सगळ्यात मोठे. त्यांच्या हातचा माठ एके काळी अख्ख्या पुण्यात जायचा. आता गुडघे गेले, काम सुटलं, पण शब्द चालतो. गल्लीच्या टोकाला आमची पत्र्याची शेड आहे, वाडवडिलांची, कामाची जागा. तिची किल्ली नानांच्या करदोट्याला.

नाना सुनांशी थेट बोलत नाहीत. त्यांनी दत्ताला बोलावलं आणि विचारलं, "तुझ्या बायकोला चाकावर बसवलं कुणी?"

दत्ता म्हणाले, कर्वेनगरच्या बाईंनी.

"त्यांना सांग, स्वतःच्या घरात काय ते करा."

गंमत अशी की पुढे त्याच बाईंनी मला सगळं दिलं. ताई लेकीकडे बंगलोरला कायमच्या निघाल्या. बंगला विकला. जाताना म्हणाल्या, दोन चाकं आणि छोटी भट्टी घेऊन जा, क्लास चालू ठेव, नाहीतर येऊन कान उपटीन. शिकणारेही म्हणाले, आम्ही येतो, कुठेही येतो. सगळं होतं. जागा नव्हती.

जागा एकच. पत्र्याची शेड. आणि ती तर नाना पलीकडच्या गणपतीवाल्याला गोडाऊनला द्यायचं ठरवून बसले होते.

मी स्वतः गेले. डोक्यावर पदर घेऊन उभी राहिले आणि दत्ताकडे बघत बोलले, कारण आमच्यात असंच बोलतात. शेड द्या, क्लास घेते. नानाही दत्ताकडे बघत म्हणाले, मातीचं काय हवं ते कर म्हणावं, त्या जागेत बाई चाकाला शिवायची नाही.

आम्ही दोघं भांडत होतो आणि मधल्या मधे दत्ताची मान दुखायला लागली. शेवटी ते वैतागून म्हणाले, "नाना, ते चाक नाहीच. मशीन आहे. प्लग लावायचा, बटण दाबायचं. घरात बायका मिक्सर लावतात तेव्हा तुम्ही काही म्हणता का?"

चाक नाही, मिक्सर आहे, हे नानांना पटलं की नाही देव जाणे. पण त्यांनी करदोट्याची किल्ली सोडली आणि दत्ताच्या हातात ठेवता ठेवता म्हणाले, "एक भट्टी फुटू दे. त्या दिवशी कुलूप."

*

झाला क्लास सुरू. पहिल्या दिवशी पहिले हजर झाले ते कुलकर्णी काका. सरकारी ऑफिसातून रिटायर झालेले, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. माती मळायला पेन लावून आले.

मला म्हणाले, "मंगलताई, मला खोटं कौतुक नको. जे असेल ते तोंडावर सांगायचं."

म्हटलं, काका, मला दुसरं येतही नाही.

काकांनी महिनाभर घासून एक कप केला. कान एकीकडे, तोंड दुसरीकडे. म्हणाले, कसा आहे? म्हटलं, हा कप आहे हे आधी सांगितलं तर बरा आहे. काका खूश झाले. कागदात गुंडाळून घरी नेला, काकूंना दिला.

पुढच्या वेळी विचारलं, काकूंना आवडला का? काका माती मळत राहिले. मग म्हणाले, "ती म्हणाली, रिटायर झाल्यावर माणसानं स्वतःला कशाततरी गुंतवून घ्यावं म्हणतात. तुम्ही अजून थोडे दिवस ऑफिसलाच गेला असता तर चाललं असतं."

*

श्रुती वर्ध्याची. हिंजवडीला आयटीत कामाला, राहायला कर्वेनगरला मैत्रिणींबरोबर. पोरगी गुणाची, पण भारी हळवी.

माझी पद्धत अशी की पहिली काही भांडी मी तारेनं मधोमध कापते. पोटातून बघायचं, भिंत कुठे जाड, कुठे पातळ. बाहेरून सगळीच भांडी शहाणी दिसतात. ताईंनी मला असंच शिकवलं, माझी तर ढिगानं कापली.

श्रुतीचा पहिला वाडगा झाला. तिनं त्याचे फोटो काढले, घरी पाठवले, मैत्रिणींना पाठवले. मी तार घेतली आणि कापला.

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी. "मॅम, काय करून राहिल्या तुम्ही?"

म्हटलं, बघ, बुडाशी केवढी माती राहिली आहे. ती काही बघायला तयार नाही. तशीच हुंदके देत बाहेर गेली.

थोड्या वेळानं मला फोन. वर्ध्याहून तिची आई. म्हणाली, माझ्या पोरीचं भांडं तुम्ही कापलं म्हणे. आवाज असा की मी उभी राहिले. म्हटलं, हो, कापलं. शिकायचं तर कापावंच लागतं.

मग म्हणाली, "कापलंच, तर सांगा, आतून कसं होतं?"

"कडेला बरं होतं. मधे जाड."

"पोयीही तशीच लाटते," आई म्हणाली आणि फोन ठेवला.

*

त्याच श्रुतीचं अजून एक. घरून काम असलं की लॅपटॉप घेऊन शेडमध्ये यायची. समोर स्टुलावर मीटिंग, खाली चाकावर माती. कॅमेरा बंद. बोलायची वेळ आली की हात बरबटलेले, मग नाकानं बटण दाबून आवाज चालू करायची. कामात हुशार, त्याबद्दल दुमत नाही. आमच्या शेडचं विजेचं सगळं गणित तिनंच बसवलं. दोन चाकं आणि भट्टी एकदम लावली की गल्लीचा फ्यूज उडायचा, आणि गल्ली माझ्या नावानं उडायची. हिनं वायरमनला उभं करून सगळं वेगळं करून घेतलं.

तर एकदा मीटिंग चालू, हिचा गोळा मधोमध बसेना. मी मागून ओरडले, "घाबरतेस काय, जोर लाव! मोडलं तर मोडलं, परत करू. असं चोरून चोरून केलं की काहीच उभं राहत नाही."

तिचं नाक आधीच बटणावर पडून आवाज चालू झाला होता, हे नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी ती हसत हसत आली. म्हणाली, मॅम, आमच्या मॅनेजरला तुमचं पटलं. जुनं सगळं मोडून नव्यानं करायचं ठरलं. विचारत होता, त्या मराठी मॅडम कोणत्या टीममध्ये आहेत?

*

मधे एका कंपनीनं बोलावलं. त्यांच्या लोकांना ताण फार, म्हणून मातीत खेळवायचं. स्टेजवर माझं नाव लावलं होतं, पुढे 'सिरॅमिक आर्टिस्ट'. दत्तानं त्याचा फोटो काढून गॅरेजात लावलाय.

सूत्रसंचालन करणारी पोरगी माईक घेऊन म्हणाली, मॅडम, माती मळताना मन एकदम शांत होतं, नाही का?

म्हटलं, "नाही. खांदे दुखतात."

टाळ्या पडल्या. पुन्हा बोलावलंय.

*

इकडे नानांचा पहारा चालूच. रोज सकाळी काठी टेकत यायचे. उंबऱ्याच्या आत पाऊल नाही. दारात उभे राहून आतली वास्तपुस्त घ्यायची, भट्टीकडे एक नजर टाकायची आणि जायचं. भट्टी फुटायची वाटच बघत होते म्हणा ना. प्रत्येक भट्टीच्या आदल्या रात्रीच सगळा माल गालाला लावून बघायचे. गालाला गार लागला की अजून ओलावा आहे, त्याला भट्टीत जागा नाही. शेड गेली तर गणपतीवाला दुसऱ्या दिवशी पोती आणून टाकणार, हे मला माहीत होतं. आणि मग ती दोन चाकं मी काय माळ्यावर ठेवू?

पण नानांचा पाय दारातून लवकर निघेना. एक दिवस श्रुतीचं भांडं पुन्हा पुन्हा कोसळत होतं. मी दुसऱ्या कुणाला दाखवत होते. तेवढ्यात दारातून आवाज, "अंगठा आत फार गेलाय."

मी वळले. नाना समोरच्या भिंतीकडे बघत होते. जणू भिंतीलाच सांगत होते.

श्रुतीनं अंगठा बाहेर घेतला. भांडं उभं राहिलं.

दुसऱ्या दिवशी भिंतीला त्यांनी कोपर मांडीला टेकवायला सांगितलं. तिसऱ्या दिवशी, पाणी कमी लाव. बाईला शिकवायचं नाही ना, मग भिंतीला शिकवत होते. सगळ्या बायका भिंतीचं ऐकायच्या.

कुलकर्णी काका एकदा माझ्याशेजारी बसून हळूच म्हणाले, "भिंतीची प्रगती चांगली आहे."

*

आता शेवटचा सांगते आणि उठते, मला भट्टी भरायची आहे.

कुलकर्णी काकांनी नंदी केला. चांगला वीतभर, बसलेला, वशिंड वगैरे. खरंच देखणा झाला होता. मी म्हटलं, काका, मूर्ती भरीव ठेवायची नाही. खालून पोकरून काढा. आत माती जाड राहिली तर ओल आत अडकते, भट्टीत तिची वाफ होते आणि बॉम्ब फुटतो. काका म्हणाले, पोकरतो. भट्टी भरताना मी नंदी उलटा करून बघितला. खाली व्यवस्थित भोक. गालाला लावला, कोरडा. ठेवला. आजूबाजूला श्रुतीचे, बाकीच्यांचे वाडगे.

सकाळी भट्टी लावली. क्लास भरलेला. चहाच्या वेळेला आतून धप्प असा आवाज आला, आणि मग खापऱ्या पडल्यासारखी किणकिण.

चाकं आपोआप थांबली. मी भट्टी बंद केली.

नानांचं घर शेडला लागूनच. काठीचा आवाज आला. पाठोपाठ नाना. एका हातात काठी, दुसऱ्या हातात कुलूप. दारात प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि कुलूप मांडीवर घेऊन बसले. म्हणाले, उघडा.

म्हटलं, गरम आहे, आत्ता उघडली तर उरलेलंही तडकेल. हे त्यांनाही माहीत होतं. बसून राहिले. मग आम्हीही बसून राहिलो. एकही जण घरी गेला नाही. श्रुतीनं ऑफिसला कळवून टाकलं, आज जमणार नाही. दत्ताला मी फोन केला, ते गॅरेजच्या कपड्यांतच आले.

दुपार कलल्यावर उघडली. नंदीचं फक्त एक शिंग ओळखू येत होतं. जाताना सोबत वाडग्यांची एक अख्खी ओळ घेऊन गेला होता.

काकांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, चूक माझी आहे. पोकरायला गेलो तर वशिंड खचेल अशी भीती वाटली. म्हणून बोटभर भोक पाडून ठेवलं. जन्मभर ऑफिसात तेच केलं, तपासायला येणाऱ्याला हवं तेवढं दाखवायचं.

इतर वेळी मी त्यांना धरून हाणलं असतं. पण नानांनी ऐकूनच घेतलं नाही. भिंतीकडे बघत म्हणाले, नंदी कुणी का करेना, जागेवर चाक बाई फिरवते. म्हणून फुटली.

काका म्हणाले, "अहो, मी लेखी देतो."

नाना उठले. कुलूप उघडून हातात घेतलं. पण आम्हाला बाहेर काढायच्या आधी त्यांना एक उत्तर हवं होतं. आवाज चढवून म्हणाले, "आमच्या घराण्यात बाई चाकावर बसलेली नाही. हिला बसवलं कुणी, त्याचं नाव मला आज पाहिजे. मग निघा सगळे."

दत्ता म्हणाले, मी. नाना म्हणाले, तुला तुझं नाक पुसता येत नाही. श्रुती म्हणाली, विशाखा मॅम. नाना म्हणाले, त्या परक्या. परक्याचं आपल्या घरात चालत नाही, घरातल्या कुणाची तरी फूस असल्याशिवाय. मी म्हटलं, माझी मी बसले. ते तर त्यांनी ऐकलंच नाही. बाई आपली आपण बसते, हे त्यांना पटणार कसं?

तेवढ्यात सरूकाकू आल्या. नानांच्या बायको. सकाळपासून सगळे उपाशी बसलेत म्हणून चहाचा ट्रे घेऊन आल्या होत्या. दारात उभ्या राहून त्यांनी सगळं ऐकलं होतं. काकू म्हणजे गरीब गाय. सगळं आयुष्य माती चाळण्यात आणि सुगडं रंगवण्यात गेलं. मोठ्यानं बोललेल्या मी कधी ऐकल्या नव्हत्या.

त्यांनी ट्रे खाली ठेवला. नानांच्या शेजारून आत आल्या. कोपऱ्यात नानांचं जुनं चाक भिंतीला टेकून होतं, दगडाचं, वर गोणपाट. काकूंनी गोणपाट ओढलं. दत्ताला म्हणाल्या, "धर रे." दत्तानं आणि कुलकर्णी काकांनी मिळून ते चाक खुंटीवर बसवलं. नाना "अगं" म्हणाले. एवढंच म्हणाले.

काकूंनी पदर खोचला, उकिडव्या बसल्या. "मंगल, गोळा दे."

मी दिला. काकूंनी काठी चाकाच्या खाचेत घातली आणि फिरवली. दगडाचं चाक घुमायला लागलं. मशीनचा आवाज वेगळा आणि तो वेगळा. श्रुतीचा हात मोबाइलकडे जात होता, मी तिच्याकडे बघितलं, तिनं ठेवला. काकूंनी गोळ्यावर हात ठेवला आणि तो एका दाबात मधोमध बसला. मग सुगड वर यायला लागलं. पोट आलं, मान आली, ओठ बाहेर वळला. मानेखाली त्यांनी अंगठ्याच्या नखानं एक रेघ फिरवली. ती रेघ आमच्या पेठेत कुणालाही ओळखू येते. नानांच्या माठांना असायची.

नाना खुर्चीत बसले. आता भिंतीकडे बघत नव्हते.

आता एक सांगायला हवं. आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. नवीन पोरी घेतात, काकूंच्या वयाच्या घेत नाहीत. उखाण्यापुरती सूट असते, पण हळदीकुंकवाला काकूंवर उखाण्याची पाळी आली की नेमका त्यांना खोकला यायचा. सगळ्या गल्लीला तो खोकला माहीत होता. रेशनच्या दुकानातसुद्धा "यांचं नाव" विचारलं की सांगायला त्या दिराच्या पोराला पुढे करायच्या.

काकूंनी दोऱ्यानं सुगड खालून कापलं, दोन्ही हातांवर अलगद उचललं आणि फळीवर ठेवलं.

मी विचारलं, "काकू, तुम्हाला चाकावर बसवलं कुणी?"

त्यांनी बादलीत हात धुतले. लुगड्याला पुसले. खोचलेला पदर काढून डोक्यावर नीट घेतला. दारातल्या खुर्चीकडे सरळ बघितलं आणि शाळेत हजेरी घेतात तसं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या,

"विश्वनाथ गेनू कुंभार."